एसटीत वाय-फाय लावलं तरी घाटात नेट का जातं?

एसटीत वाय-फाय द्या, ही पासवर कॉलेजला जाणाऱ्या पोरांची मागणी. मागणी रास्त आहे. पण गाडीतलं वाय-फाय नेट आणतं कुठून, हे आधी बघू.

घरच्या वाय-फायला केबल असते. धावत्या गाडीला केबल कुठून जोडणार? म्हणून गाडीत राउटर बसवतात. तो गाडीच्या बॅटरीवर चालतो आणि त्यात तुमच्या मोबाईलसारखंच सिमकार्ड असतं. ते सिम रस्त्याकडेच्या टॉवरवरून नेट घेतं, राउटर ते प्रवाशांना वाटतो. म्हणजे ज्या वळणावर तुमची रेंज जाते, तिथं त्याच कंपनीचं सिम असलेल्या राउटरचीही जाणार. गाडीचा पत्रा रेंज अडवतो, त्यामुळे टपावर अँटेना असली तर थोडा फरक पडतो. दोन कंपन्यांची सिम टाकली तर आणखी बरं. पण टॉवरच नसेल तर सगळं फुकट. कंडक्टरच्या मशीनवर यूपीआयने तिकीट काढताना रेंज नसली की चाक गोल फिरत बसतं, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी भानगड वाटणीची. सिमला २० एमबीपीएस वेग मिळाला आणि ४० जण एकदम बसले, तर एकेकाच्या वाट्याला अर्धा एमबीपीएस. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज जाईल, ऑनलाइन लेक्चर अडकत चालेल.

काही वर्षांपूर्वी एसटीच्या गाड्यांत वाय-फायचे डबे लागले होते, आठवतं का? त्यात मुळात इंटरनेट नव्हतंच. सिनेमे, गाणी आधीच डब्यात भरून ठेवलेली असायची, मोबाईल जोडून ती बघायची. त्याला रेंज लागत नाही, म्हणून घाटातही चालायचं. पण परीक्षेचा फॉर्म त्यावर भरता येत नव्हता. तेवढ्यात २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि सिनेमासाठी डब्याची गरजच कमी झाली.

त्यामुळे आमच्या मते ग्रामसभेत आधी टॉवरचा विषय घ्यावा. रेंज नसलेल्या २४,६८० गावांत ४जी पोहोचवायची योजना केंद्राने जुलै २०२२ मध्ये मंजूर केली, काम बीएसएनएलकडे आहे. रस्त्यावर रेंज आली की गाडीतल्या वाय-फायलाही अर्थ येतो.

तोवर स्टँडवर सोय होऊ शकते. तिथं केबलचं नेट आणता येतं आणि गाडीची वाट बघण्यात वेळ जातोच. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत चहावाला, किराणा दुकानदारसुद्धा वाय-फाय देऊ शकतो, त्याला लायसन्स लागत नाही.

एक सांभाळा. अशा वाय-फायला जोडताना मोबाईल नंबर टाकून ओटीपी द्यावा लागतो, ते ठीक आहे. पण त्या पानावर यूपीआय पिन, कार्ड नंबर किंवा बँकेचा ओटीपी मागितला, नाहीतर एखादं अ‍ॅप डाउनलोड करायला सांगितलं, तर लगेच वाय-फाय बंद करा. ‘फ्री वाय-फाय’ हे नाव आपल्या हॉटस्पॉटला कुणीही देऊ शकतो, अगदी मागच्या सीटवरचा माणूससुद्धा.