बिडी सोडायला उशीर कधीच होत नाही

“चाळीस वर्षं ओढली, आता सोडून काय मिळणार?” पारावर हे बोलणे हमखास कानी पडते. ऐकायला पटते, पण ते खरे नाही.

रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी 1951 साली ब्रिटनमधील डॉक्टरांच्या धूम्रपानाची पाहणी सुरू केली. ती पन्नास वर्षे चालली. सिगारेट ओढत राहिलेल्यांचे आयुष्य न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी 10 वर्षांनी कमी भरले. मात्र तिशीत सोडणाऱ्यांनी ती बहुतेक सारी वर्षे वाचवली. चाळिशीत सोडणाऱ्यांनी 9, पन्नाशीत 6 आणि साठीत सोडणाऱ्यांनीही 3 वर्षे कमावली.

बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, ही समजूतही चुकीची. टेंभुर्णीचे पान लवकर विझते, म्हणून झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात. धूर तितकाच आत जातो.

बिडी सुटली की शरीर लगेच कामाला लागते. एक-दोन दिवसांत रक्तातला विषारी वायू निघून जातो. काही दिवसांत जेवणाची चव आणि वास नीट कळू लागतात. काही आठवड्यांनी चढण चढताना लागणारा दम कमी होतो. वर्षभरात हृदयविकाराच्या झटक्याचा जास्तीचा धोका सुमारे निम्म्यावर येतो. दहा वर्षांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचाही बराच उतरतो. झिजलेले फुफ्फुस पुन्हा नवे होत नाही, पण पुढची झीज मंदावते.

पहिले तीन-चार दिवस कठीण जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, काहींना खोकला वाढल्यासारखा वाटतो. हे दिवस सरतात. तलफ आली की ती काही मिनिटेच टिकते. तेवढ्यात तांब्याभर पाणी प्यावे, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाकावी, हाताला काम द्यावे. मात्र बिडी सोडून तंबाखूचा विडा किंवा मिश्री धरू नये. तोंडाचा कर्करोग त्यानेही होतो.

माताभगिनींनो, या काळात घरधन्याला टोचून बोलू नका. सुपारी, बिडी, काडेपेटी घरातून हलवा. एकदा चुकून ओढली गेली तरी “झालं, संपलं” म्हणू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करा. घरात धूर नसला की लेकरांचा खोकला आणि दमाही कमी होतो.

हिशेबही मांडून पाहा. रोज 20 रुपये धुरात गेले, तर वर्षाचे 7,300 रुपये होतात. तेवढ्यात मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय होईल.

एकट्याने जमत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, किंवा 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत. पेरणीचा दिवस ठरवतो तसा बिडी सोडण्याचाही दिवस ठरवा, आणि तो याच आठवड्यातला असू द्या.