बाळाच्या काळजाला भोक

आपल्या छातीत हृदय आहे. त्यालाच आपण काळीज म्हणतो. ज्याची मूठ जेवढी, त्याचे काळीज साधारण तेवढे. आपण झोपतो, पण ते झोपत नाही. ते सारखे रक्त ओढते आणि ढकलते. तान्ह्या बाळाचे काळीज तर मिनिटाला १२० ते १६० वेळा उडते.

काळजात चार खण असतात. वर दोन, खाली दोन. उजव्या आणि डाव्या बाजूंमध्ये पडदा असतो. अंगभर फिरून आलेले रक्त उजवीकडे येते. तेथून ते फुप्फुसात जाते. तेथे त्याला हवेतला प्राणवायू मिळतो. मग ते डावीकडे येते आणि पुन्हा साऱ्या अंगाला जाते.

आता शेतातले पाहा. दोन वाफ्यांमध्ये वरंबा असतो. वरंबा फुटला तर काय होते? एका वाफ्याचे पाणी दुसऱ्यात शिरते. एक वाफा तुंबतो, दुसरा तहानलेला राहतो. काही बाळांच्या काळजातल्या पडद्याला जन्मापासूनच भोक असते. तेथेही तसेच होते. डावीकडचे रक्त परत उजवीकडे जाते. फुप्फुसात रक्त तुंबते. बाळाला धाप लागते. दूध ओढायला त्याला ताकद राहत नाही.

हजार मुले जन्मली तर त्यांतल्या आठ-नऊ मुलांच्या काळजात काही ना काही दोष असतो. म्हणजे हे दुखणे एखाद्याच घराचे नव्हे.

दोष कुणाचा?

घरात असे बाळ जन्मले की लोक आईला बोल लावतात. ‘ग्रहणात भाजी चिरली असेल.’ ‘बाळाला दृष्ट लागली.’ ‘सुनेचा पायगुण वाईट.’ मंडळी, यातले एकही खरे नाही. पोटात बाळाचे काळीज पहिल्या दोन महिन्यांतच घडते. त्या वेळी पुष्कळ बायांना दिवस गेल्याचे नीट कळलेलेही नसते. बहुतेक वेळा दोषाचे कारण सापडत नाही. काही वेळा कारण कळते. आईला गरोदरपणी रुबेला नावाचा गोवरासारखा ताप येतो, किंवा तिची साखर फार वाढलेली असते. जवळच्या नात्यात लग्न झाले असेल तरी धोका थोडा वाढतो. यावर उपाय आहेत. मुलींना रुबेलाची लस द्यावी. गरोदर बाईची तपासणी लवकर करावी. पण झालेल्या गोष्टीसाठी आईला रडवू नये. त्या दिवसांत तिला बोल नको, आधार हवा.

खुणा ओळखा

दूध पिताना बाळ सारखे थांबते. त्याच्या कपाळावर घाम येतो. श्वास भरभर चालतो, बरगड्या आत ओढल्या जातात. वजन वाढत नाही. खोकला आणि ताप पुन्हापुन्हा येतो. ओठ, जीभ, नखे निळी दिसतात, रडताना जास्तच. यातले काही दिसले तर अंगारा-धुपारा करण्यात दिवस घालवू नका. बाळ निळे पडले किंवा धाप फार लागली, तर लगेच १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा.

एरवी आधी आशाताईंना सांगा, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. त्याचे डॉक्टर वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलांना तपासतात. तपासणीच्या दिवशी मूल घरी ठेवू नका. काळजात दोष वाटला तर पुढे इको नावाची तपासणी होते. तिला सुई लागत नाही, दुखत नाही.

प्रत्येक भोकाला ऑपरेशन लागत नाही. लहान भोक पुष्कळदा आपोआप बुजते. पण ते डॉक्टरांनी सांगायचे, शेजाऱ्याने नाही.

पैशाची चिंता

ऑपरेशन म्हटले की पोटात गोळा येतो. जमीन गहाण टाकावी लागेल का? सावकाराकडे जाण्याआधी चौकशी करा. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात लहान मुलांच्या काळजाची ऑपरेशनेही येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांना भेटा. नवी मुंबईत खारघर येथे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. तेथे मुलांच्या काळजाची ऑपरेशने पैसे न घेता करतात.

ऑपरेशन कसे होते?

पूर्वी अशी मुले वाचत नसत. १९४४ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे एका निळ्या पडणाऱ्या बाळावर डॉक्टर ब्लालॉक यांनी ऑपरेशन केले. तशी युक्ती काढावी, हे डॉक्टर हेलन टॉसिग या बाईंनी सुचवले होते. आणि ती युक्ती प्रयोग करून बसवली व्हिव्हियन थॉमस यांनी. हे डॉक्टर नव्हते. काळ्या वर्णाचे, गरीब घरचे, सुतारकाम केलेले गृहस्थ. ऑपरेशन चालू असताना ते डॉक्टरांच्या मागे उभे राहून सूचना देत होते. हाताला कसब आणि डोक्याला अभ्यास असला की माणूस कुठवर जातो, पाहा!

पुढे १९५३ साली डॉक्टर गिबन यांनी काळजाचे आणि फुप्फुसाचे काम करणारे यंत्र ऑपरेशनात यशस्वी केले. आता बाळाला भूल देतात. रक्त त्या यंत्रातून फिरवतात. काळीज थोडा वेळ थांबवतात, भोकाला ठिगळ लावतात आणि काळीज पुन्हा चालू करतात. काही भोके छाती न उघडता, जांघेतल्या शिरेतून नळी घालूनही बुजवता येतात.

यात धोका मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. म्हणून सहीच्या कागदावर नुसता अंगठा उठवू नका. आता तुम्हांला वाचता येते. कागद वाचा. न कळेल ते विचारा. ‘धोका किती? न केले तर काय होईल?’ हे विचारायला लाजू नका.

रुग्णालयातले दिवस

ऑपरेशननंतर बाळ अतिदक्षता विभागात असते. तोंडात नळी, हाताला सुया, छातीला तारा. अंग सुजलेले. हे पाहून आईबापांचा धीर सुटतो. आधीच मनाची तयारी ठेवा. प्रत्येक नळीचे काम असते, आणि बाळ सुधारेल तशी एकेक नळी निघते. परिचारिकेने होकार दिला तर हात धुऊन बाळाला हळूच स्पर्श करा. त्याच्याशी बोला. आईने दूध काढून ठेवावे, म्हणजे ते आटत नाही.

आईबापांनी पाळीपाळीने झोपावे आणि वेळेवर जेवावे. बापालाही रडू येते, त्यात कमीपणा नाही. घरी राहिलेल्या भावंडांना आजीने खरे सांगावे, नाहीतर ती मनात भलतेच घेतात.

घरी आल्यावर

छातीचे हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर बाळाला काखेत धरून उचलू नका. एक हात मानेखाली, एक हात ढुंगणाखाली. न्हाऊ घालताना छाती चोळू नका. जखमेवर हळद, राख, तेल काही लावू नका. धुरी देऊ नका. घुटी पाजू नका. औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानेच द्या. बाटलीवरचे नाव आणि तारीख वाचा. ताप आला, जखमेतून पाणी आले, धाप लागली किंवा बाळ दूध सोडू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लस कधी द्यायची तेही विचारा.

मूल रात्री दचकून रडते, आईला सोडत नाही. बहुधा काही आठवड्यांत ते निवळते.

आपल्या जिल्ह्यात एक अडचण मोठी आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतली माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. मग पुढची तपासणी राहून जाते. निघण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. औषधे पुरतील तेवढी घ्या. बाळाचे कागद घरी कोनाड्यात न ठेवता पिशवीत घालून बरोबर न्या. कारखान्याजवळच्या रुग्णालयात ते दाखवता येतात.

जामखेडला १९७० साली डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी आरोग्याचे काम सुरू केले. त्यांनी खेड्यातल्या साध्या बायांना शिकवून आरोग्यसेविका केले. त्यांतल्या पुष्कळ बाया शाळेची पायरीही चढल्या नव्हत्या. तरी त्या मुलांची वजने घेऊ लागल्या, दुखणी ओळखू लागल्या. मग आपल्याला का येणार नाही? शेजारच्या घरात बाळ दूध पिताना घामाघूम होत असेल, तर हा धडा तेथे जाऊन वाचून दाखवा.