तालीम दोन प्रकारची

माझ्या घरच्या बोलीत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत आल्यावर मात्र हाच शब्द लंगोट कसून लाल मातीत उतरला. अरबीतून आलेली तालीम, फारसीतून आलेले पैलवान, खुराक आणि कुस्ती, उस्तादाचा झालेला वस्ताद, ही सगळी मंडळी इथल्या मातीत अशी मिसळली, की त्यांना आता कुणी गाव विचारत नाही. आज ज्यांच्याविषयी बोलायचे आहे, त्यांनी या दोन्ही तालमी एकाच वेळी घेतल्या. एक कोल्हापूरच्या आखाड्यात आणि दुसरी तिथल्याच राजाराम कॉलेजात. ते म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव.

कॉलेजातल्या खेळाडूची कारकीर्द म्हटले, की आजची मुले अमेरिकेतल्या ‘क्वार्टरबॅक’ची गोष्ट सांगतात. तिथल्या फुटबॉलमध्ये संघाची चाल ठरवून चेंडू फेकणारा हा गडी. मोठ्या विद्यापीठाचा सामना असला, तर लाखभर माणसे मैदानात बसतात. फी, जेवण, प्रशिक्षक, डॉक्टर यांची सोय विद्यापीठ करते. 2021पासून तर अशा खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे मिळवायचीही मुभा मिळाली. पण कॉलेजचे हे हंगाम मोजकेच, आणि तिथून व्यावसायिक संघापर्यंत पोचतात ते शंभरात दोघेही नाहीत. तेव्हा देश कोणताही असो, कॉलेजच्या खेळाडूपुढे प्रश्न तीनच. खर्च कोण करणार? अडचणीत त्याच्या बाजूने कोण बोलणार? आणि हंगाम संपल्यावर पुढे काय? खाशाबांची कारकीर्द या तीन प्रश्नांच्या उजेडात पाहू.

15 जानेवारी 1926 रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी त्यांचा जन्म झाला. वडील पैलवान, त्यामुळे माती घरातच होती. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकून ते कोल्हापूरला आले. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान उभारून ज्या शहराला कुस्तीची राजधानी केले, ते हे शहर. पण खाशाबा अंगाने लहानखुरे. कॉलेजच्या स्पर्धेत त्यांचे नावच घेईनात. तेव्हा त्यांनी थेट प्राचार्यांकडे दाद मागितली आणि परवानगी मिळवली. ताकदीपेक्षा चपळाई आणि डाव यांवर त्यांची भिस्त. त्यांची ढाक अनेकांनी अनुभवली.

1948च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे त्यांना गादीवर लढावे लागले. मातीत पाय रोवता येतो, पकड वेगळी बसते. गादीवर पाय सरकतो, नियम वेगळे, गुणांचा हिशेब वेगळा. मातीत वाढलेल्या मल्लाने तरीही फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला.

पुढची चार वर्षे त्यांनी कसून तयारी केली. 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निवडीत गुणांवरून वाद झाला. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागून त्यांनी पुन्हा कुस्ती लावायला लावली आणि जिंकून निवड पक्की केली. निवड झाली, पण जायला पैसे नव्हते. खाशाबा आणि त्यांची माणसे वर्गणीसाठी गावोगाव फिरली. सरकारी मदत अपुरी पडली. तेव्हा प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून 7 हजार रुपये उभे केले. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे मिळाले. एका शिक्षकाच्या घराच्या भिंतींनी तो खर्च उचलला.

हेलसिंकीत 57 किलो गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. पुढे जपानच्या शोहाची इशीई यांच्याशी लांबलेली, दमवणारी कुस्ती गुणांवर गेली. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी, असा नियम होता. पण लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव यांच्यासमोर उभे राहायला सांगण्यात आले. हरकत घ्यायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता. थकलेले खाशाबा लढले आणि हरले. इशीई यांना सुवर्ण, मम्मदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य. कोल्हापुरात त्यांची बाजू ऐकणारे प्राचार्य होते. हेलसिंकीत कुणीच नव्हते. दुसऱ्या प्रश्नाचे मोल त्या दिवशी कळले.

तरीही 23 जुलै 1952 रोजी मिळालेले ते पदक स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. गावाने शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढली. खाशाबांना मात्र आठवण होती ती गहाण पडलेल्या घराची. त्यांनी कुस्त्या लढवून पैसे जमवले आणि प्राचार्यांचे कर्ज फेडायला हातभार लावला.

राहिला तिसरा प्रश्न. 1955 साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे 1956चे मेलबर्न ऑलिंपिक हुकले. बढतीसाठी त्यांना फार वर्षे थांबावे लागले. 14 ऑगस्ट 1984 रोजी अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर देशाला दुसरे वैयक्तिक पदक मिळाले ते 1996 साली, लिअँडर पेसमुळे. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर, 2000 सालचा.

महाराष्ट्राला मात्र दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी 72 वर्षे वाट पाहावी लागली. 2024 साली पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य मिळवणारे स्वप्नील कुसाळेही कोल्हापूर जिल्ह्यातलेच. पण एक फरक ध्यानात घ्यावा. कुसाळे पदकाच्या कितीतरी आधीपासून मध्य रेल्वेच्या नोकरीत होते. महिन्याच्या महिन्याला पगार येतो, ही खात्री असली, की खेळाडूचे लक्ष निशाण्यावर राहते.

आमच्या वांगणीहून पहाटेच्या लोकलने बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या कॉलेजांना जाणाऱ्या मुलामुलींत कुणाच्या पिशवीत कबड्डीचे नी-कॅप असते, कुणाच्या हातात बॅट. घरचे म्हणतात, आधी पदवी घे. प्रशिक्षक म्हणतो, आधी सराव कर. दोघांचेही बरोबर आहे. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण तिथे खेळाच्या प्रमाणपत्राबरोबर त्या पदासाठी लागणारे शिक्षणही दाखवावे लागते. म्हणून पालकांनी मुलांचा खेळ सोडवू नये आणि प्रशिक्षकांनी त्यांचे पुस्तक. स्पर्धेची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत, ती कोणत्या दर्जाची आहेत ते कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांकडून वेळीच समजून घ्यावे. आणि परगावी स्पर्धा असेल, तेव्हा मुलांबरोबर नियम जाणणारे एक तरी मोठे माणूस धाडावे.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)