पंखाखालचा निळा डाग

चंद्रपूरजवळ मोरव्याच्या धावपट्टीवर मे महिन्यात सेसना १५२ हे दोन आसनी विमान उभे आहे आणि डाव्या पंखाखाली इंधनाचे थेंब पडताहेत, असे समजा. उडायचे की नाही? किती गळते, हे आपण आधी विचारतो. माझ्या मते, कुठून गळते आणि गळून कुठे जाते, हे आधी पाहावे.

विमानाचे पेट्रोल दर अंशाला साधारण ०.१२ टक्के फुगते. या विमानाच्या दोन टाक्यांत मिळून सुमारे ९८ लिटर मावते. पहाटे २५ अंशांना काठोकाठ भरलेले इंधन दुपारी ४५ अंशांपर्यंत तापले, तर दोन लिटरांहून अधिक हवानळीवाटे बाहेर पडते. चंद्रपूरच्या उन्हात हे व्हायचेच. ही गळती नव्हे, उतू जाणे. पातळी उतरली की थांबते. तळाच्या निचरा-झडपेत कचऱ्याचा कण अडकला तरी थेंब पडत राहतात. झडप पुन्हा दाबून थोडे इंधन सोडले की तो बहुधा निघून जातो.

सांध्यातून किंवा रिव्हेटपाशी येणारी गळती मात्र मोजतात. जागा पुसून कोरडी करायची, अर्धा तास थांबायचे. ओला ठिपका पाऊण इंचाहून लहान असेल तर नुसता डाग, दीड इंचापर्यंत पाझर, चार इंचांपर्यंत मोठा पाझर. थेंब ठिबकू लागले की विमान जमिनीवरच. उघड्या पंखाखालचा लहान पाझर परवानाधारक अभियंत्याने तपासून, नोंदवून काही काळ चालवून घेता येतो. तेच इंधन इंजिनाच्या आवरणात, केबिनमध्ये किंवा पंखाच्या बंद पोकळीत जात असेल, तर थेंबभरही चालत नाही. या पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते. आणि पंख कोरडा दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये. या पेट्रोलला मुद्दाम निळा रंग दिलेला असतो. ते उडून गेले तरी निळसर डाग मागे राहतो.

हवेत प्रश्न बदलतो. २४ ऑगस्ट २००१ रोजी अटलांटिकवर एअर ट्रान्सॅटच्या वैमानिकांनी एका बाजूची घट भरून काढायला दुसरीकडचे इंधन वळवले. तेही गळक्या नळीतून गेले. दोन्ही इंजिने बंद पडूनही विमान अझोर्स बेटांवर उतरले, ३०६ जण वाचले.

तिथे निदान धावपट्टी होती. गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगल. तीन हजार फुटांवर इंजिन थांबले तर सेसना आठेक किलोमीटर तरंगत जाईल. तेवढ्यात धानाची बांधी सापडली तर सापडली. मोरव्याभोवती घिरट्या घालायला चालणारा पाझर त्या जंगलावरून जायला मी तरी चालवून घेणार नाही.