इंजिनाचे पाणी मध्येच का थांबते?

उन्हाळा आला की हिरण्यकेशीच्या काठाने सकाळपासून पंपांचा आवाज सुरू होतो. आता विजेच्या मोटारी पुष्कळ झाल्या. तरी जिथे वीज वेळेवर मिळत नाही, तिथे डिझेल इंजिनच ऊस जगवते. ते भर पाळीत तापून बंद पडले तर ऊस वाळतो आणि दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. म्हणून आज आपण इंजिनाच्या पाण्याविषयी बोलू. शेताला जाते ते नव्हे, इंजिनाला स्वतःला लागते ते पाणी.

रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन माणसाने १८९७ साली हे इंजिन चालवून दाखवले. त्यात तेल जळते आणि उष्णता होते. ढोबळ मानाने तिचा तिसरा हिस्सा कामी येतो. तिसरा हिस्सा धुराबरोबर जातो. उरलेली उष्णता इंजिनाच्या अंगात राहते. ती बाहेर काढली नाही तर दट्ट्या फुगून सिलिंडरात घट्ट बसतो. आपण म्हणतो, इंजिन धरलं.

म्हणून सिलिंडरची भिंत दुहेरी असते. पंपाच्या मोठ्या पाइपातून एक बारीक नळी काढलेली असते. तिचे पाणी त्या पोकळ भिंतीत खालून शिरते, उष्णता घेते आणि वरच्या रबरी नळीतून धार होऊन बाहेर पडते. वैद्य नाडी बघतो तशी इंजिनवाल्याने ही धार बघावी. तिच्याखाली बोट धरावे. पाणी चांगले ऊन लागावे, पण चटका बसू नये. अगदी गार पाणीही बरे नाही, त्याने इंजिनाची झीज होते.

धार कायमची थांबली तर दोष शोधणे सोपे. कठीण असते ते येऊन-जाऊन असलेले दुखणे. आमच्या शेजारी एक शेतकरी आहेत. त्यांचे इंजिन सुरू केले की पाऊण तास उत्तम चालायचे. मग धार बारीक व्हायची, वाफ दिसायची. बंद करून तासभर ठेवले की पुन्हा छान! मिस्त्री तीनदा आला. प्रत्येक वेळी इंजिन गार झालेले. त्याने नळ्या फुंकून पाहिल्या, सगळ्या मोकळ्या. "अण्णा, तुमच्या इंजिनाला काय झालेलं नाही," म्हणून तो निघून गेला. शेजारी आमच्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, ह्यो रोग मिस्त्री आला की पळतोय, काय करावं?"

हे नवल फक्त आपल्याकडचे नाही. आंबोलीचा घाट उतरून कोकणात गेलात तर मासेमारीच्या होड्यांवर हेच ऐकाल. होडीचे इंजिन बुडातल्या भोकातून समुद्राचे पाणी ओढते. तिथे प्लास्टिकची पिशवी चिकटली की इंजिन तापते. इंजिन थांबवले की ओढ थांबते, पिशवी सुटून वाहून जाते, आणि नाखवा शोधतो तेव्हा भोक मोकळे! नदीतल्या आपल्या फुटबॉलच्या जाळीवर पाला बसतो तेव्हाही असेच होते.

आम्ही शेजाऱ्यांना म्हटले, दोष पळतो ना, मग तो असतानाच त्याला गाठायचा. ते नुकतेच लिहायला शिकले होते. आम्ही त्यांना एक वही दिली. इंजिन किती वाजता लावले, धार किती वाजता बारीक झाली, आणि त्या वेळी पाटाचे पाणी कसे होते, एवढेच लिहायचे.

पाट का बघायचा? धार आणि पाट दोन्ही कमी झाले, तर पंपालाच पाणी पुरत नाही. दोष नदीकडे आहे. जाळीवर पाला असेल. बंधाऱ्याचे बरगे काढल्यावर पाणी उतरले असेल आणि फुटबॉल वर येऊन भोवऱ्यातून हवा ओढत असेल. तो नेहमी दोन-तीन फूट पाण्याखाली हवा. किंवा ओढणाऱ्या पाइपाचा सांधा हवा धरत असेल. पंप चालू असताना सांध्यावर ओला चिखल थापा. पाणी सुधारले तर चोर तिथेच. पण पाट भरून वाहतो आणि धार तेवढी बारीक, तर दोष त्या बारीक नळीपासून धारेपर्यंतच आहे. नदीत उतरायचे कारण नाही.

चार दिवसांनी वही आली. अक्षर वाकडे होते, पण मजकूर सरळ होता. चारही दिवस एकच: "पाऊण तासानं धार बारीक. पाट फुल."

आता उरले काय? पोकळ भिंतीत विहिरीच्या जड पाण्याची पुटे चढतात, बंबात चढतात तशी. पावसाळ्यात गाळही बसतो. पण हा दोष हळूहळू वाढतो, तासाभरात बरा होत नाही. मग गरम झाल्यावरच बिघडणारी वस्तू कोणती? वरची रबरी नळी! इंजिन पूर्ण गार झाल्यावर ती काढून विळ्याने उभी चिरली. आतले अस्तर सुटून लोंबत होते. गरम पाण्याने ते मऊ होऊन फुगायचे आणि वाट अडवायचे. गार झाले की परत चिकटून बसायचे. बाहेरून नळी नव्यासारखी! मिस्त्रीला तरी कसा दोष द्यावा?

एक गोष्ट मात्र फार जपून करा. धार बारीक झाली तर वेग कमी करा, पाटावर एक नजर टाका आणि इंजिन बंद करा. धार थांबलीच असेल तर लगेच बंद करा. तापलेल्या इंजिनावर घाईने गार पाणी ओतू नका. बीड तडकते, मग नवे हेडच घ्यावे लागते. गरम असताना नळीही उपसू नका. आतल्या वाफेने हात-तोंड भाजते. इंजिनावर हात ठेववेल इतके ते निवू द्या. मग हँडल मारून हाताने फिरवून बघा. मोकळे फिरले तरच पुन्हा सुरू करा.

शेजाऱ्यांनी दोन्ही नळ्या नव्या घातल्या. दुकानात त्यांनी प्रत्येक नळी दोन्ही टोकांनी उजेडाकडे धरून आत बघितली, दाबून बघितली, मगच पैसे दिले. नळी बदलल्याची तारीख त्यांनी वहीत लिहून ठेवली आहे.