आईचे तास कमी झाले, तर पगार किती?

वाचण्याआधी: तुमच्या घरी पैशांचा हिशोब कोण करतं? कसा करतं?

समजा, तुम्ही सांता क्लारामध्ये राहता. आजीही तुमच्याकडेच राहते. मागच्या महिन्यात ती बाथरूममध्ये पडली. आता तिला दिवसभर एकटं ठेवता येत नाही. आई आठवड्याला ३२ तास नोकरी करते. ती म्हणते, "मी एक दिवस कमी करते. २४ तास पुरेत. पण सांग बघू, पगार किती येईल?"

चला, हिशोब करूया.

खाडा म्हणजे काय?

महाराष्ट्रात अनेक घरांत भिंतीवर कालनिर्णय असतं. दूधवाला आला नाही, की त्या तारखेच्या चौकोनात खूण करतात. याला 'खाडा' म्हणतात. महिनाअखेरीस खाडे मोजायचे आणि तेवढे पैसे कमी द्यायचे. जेवढं दूध, तेवढे पैसे! पगाराचंही तसंच. जेवढे तास, त्या प्रमाणात पगार. ऑफिसात याला 'प्रो राटा' म्हणतात. आजीला विचारा. ती म्हणेल, "अगंबाई, हे तर आमचं त्रैराशिक!"

हिशोब

आईच्या कामाचा पूर्णवेळ पगार वर्षाला १,०४,००० डॉलर आहे असं धरा. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला ४० तास, वर्षाला ४० × ५२ = २,०८० तास. म्हणजे एका तासाचे ५० डॉलर.

आत्ता: ३२ × ५० × ५२ = ८३,२०० डॉलर
नंतर: २४ × ५० × ५२ = ६२,४०० डॉलर

इथे एक चूक फार जण करतात. "४० पैकी ८ तास कमी, म्हणजे २० टक्के कपात," असं म्हणून ते ८३,२०० मधून २० टक्के वजा करतात. उत्तर येतं ६६,५६०. हे चुकलं! आई आत्ता ४० नाही, ३२ तास काम करते. ३२ पैकी ८ म्हणजे २५ टक्के. फरक ४,१६० डॉलरचा आहे. त्या चुकीच्या आकड्यावर घरखर्च बसवला, तर दर महिन्याला साधारण ३४७ डॉलर कमी पडतील.

म्हणून नेहमी पूर्णवेळ पगारापासून सुरुवात करा.

फक्त पगार बघू नका

पगार तासांच्या प्रमाणात हळूहळू कमी होतो. पण काही गोष्टी एका रेषेवर थांबतात. रेषेच्या अलीकडे मिळतात, पलीकडे मिळतीलच असं नाही.

पहिली रेषा ३० तासांची. २०१० च्या आरोग्य कायद्यानुसार, ५० किंवा जास्त पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या कंपनीने आठवड्याला सरासरी ३० तास काम करणाऱ्यांना आरोग्य विमा देऊ करायचा असतो, नाहीतर दंड होऊ शकतो. २४ तासांवर तसं बंधन नाही. काही कंपन्या तरीही विमा देतात. म्हणून आधी विचारायचं, आणि उत्तर लेखी घ्यायचं.

दुसरी रेषा पगाराची. ज्यांना ओव्हरटाइम मिळत नाही अशा बहुतेक पगारदारांना कॅलिफोर्नियात राज्याच्या किमान वेतनाच्या निदान दुप्पट पगार लागतो. २०२५ मध्ये ही रक्कम वर्षाला ६८,६४० डॉलर होती. तास कमी केले म्हणून ही रक्कम कमी होत नाही! आईचे ६२,४०० तर त्याच्या खाली आहेत. मग आईला तासांवर पगार द्यावा लागेल, तासांची नोंद ठेवावी लागेल, आणि दिवसात ८ तासांपेक्षा जास्त काम झालं तर दीडपट पैसे द्यावे लागतील. हे आईच्या फायद्याचं आहे. नाहीतर काय होतं? पगार २४ तासांचा, आणि काम मात्र ३२ तासांचं!

आणि साठलेली सुट्टी? ती बुडत नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पगारी सुट्टी ही केलेल्या कामाची कमाई आहे. नोकरी वर्षाच्या मध्येच सुटली, तरी तेवढ्या दिवसांच्या प्रमाणात तिचे पैसे मिळतात.

आता आईला काय सांगाल? पगार २०,८०० डॉलरने कमी होईल, आणि विम्याचं आधी विचारावं लागेल. पण आजीजवळ आठवड्यातला एक पूर्ण दिवस कोणीतरी असेल. त्याचा हिशोब त्रैराशिकाने होत नाही. तो सगळ्यांनी एकत्र बसून करायचा.

शब्द
खाडा – न आलेला दिवस
कपात – कमी केलेला भाग
त्रैराशिक – तीन माहीत आकड्यांवरून चौथा काढण्याची रीत
लेखी – लिहून दिलेलं

सराव
१. आईने ३० तास ठेवले, तर वर्षाचा पगार किती होईल? तो कोणत्या रेषांच्या वर राहील?
२. दोन आठवड्यांचा पगार एकदम येतो. पहिल्या आठवड्यात ३२ तास आणि दुसऱ्यात २४ तास काम झालं, तर किती पैसे येतील?
३. तुम्ही आईच्या जागी असता, तर काय केलं असतं? पाच वाक्यं लिहा.