आडनावाने हाक मारणारे प्रेम

गतकाळाच्या आठवणींत रमण्याच्या आणि त्या काळाला मुळात होता त्याहून थोडा अधिक उजेड देण्याच्या वृत्तीला मराठीत ‘स्मरणरंजन’ असा नेमका शब्द आहे. बालपण सुटले आहे पण मोठेपण हाती लागलेले नाही, अशा वयातील व्यक्तीच्या घडणीचे चित्रण करणाऱ्या कथेला ही वृत्ती सहज चिकटते, कारण पहिले प्रेम आणि सरलेला काळ या दोन्ही गोष्टी परत मिळण्यासारख्या नसतात. सुजय डहाके यांनी दिग्दर्शित केलेला ‘शाळा’ हा मराठी चित्रपट याच जातीचा आहे. मिलिंद बोकील यांच्या 2004 मध्ये मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केलेल्या कादंबरीवर तो आधारलेला असून, 59व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा आणि अविनाश देशपांडे यांना रूपांतरित पटकथेचा सन्मान मिळाला. जानेवारी 2012 मध्ये तो चित्रपटगृहांत आला, तेव्हा ज्यांनी सत्तरचे दशक अनुभवले होते आणि ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, अशा दोन्ही पिढ्यांनी त्यात आपली शाळा पाहिली. खुद्द दिग्दर्शकही आणीबाणी, म्हणजे या कथेचा काळ, संपल्यानंतर जन्मलेल्या पिढीतला होता, ही बाब येथे महत्त्वाची ठरते.

मुकुंद जोशी हा नववीत शिकणारा मुलगा कथेच्या केंद्रस्थानी आहे. त्या काळी नववीत असणे याला विशेष अर्थ होता. महाराष्ट्रात पूर्वी अकरावीला मॅट्रिक होत असे. 10+2+3 हा नवा आकृतिबंध आला आणि 1975 मध्ये दहावीच्या पहिल्या तुकडीने शालान्त परीक्षा दिली. त्यामुळे नववी हे एकाएकी शाळेतले शेवटून दुसरे वर्ष झाले, आणि ‘पुढच्या वर्षी एसएससी’ हे वाक्य घराघरांत धाकासारखे वापरले जाऊ लागले. जोशीच्या वाट्याला आलेले वर्ष म्हणजे अभ्यासाचा हा धाक पुरता बसण्याआधीचा शेवटचा मोकळा अवकाश होय.

या वर्षात तो ज्या मुलीवर प्रेम करतो, तिला वाचक आणि प्रेक्षक ‘शिरोडकर’ म्हणूनच ओळखतात. ही बाब साधी दिसते, परंतु संपूर्ण कलाकृतीची किल्ली तिच्यात आहे. त्या काळच्या शाळेत मुलगे मुलींचा उल्लेख आडनावाने करत, कारण पहिले नाव घेणे म्हणजे जवळीक जाहीर करणे होते, आणि तेवढ्यावरून वर्गभर गिल्ला होऊ शकत असे. हजेरीच्या वहीतून उचललेला हा कोरडा शब्द जोशीच्या मनात हळूहळू जगातील सर्वांत गोड शब्द होतो. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर या दोघांनी हे अंतर आणि हा संकोच ज्या संयमाने सांभाळला आहे, त्याला तोड नाही.

बांधकाम अर्धवट राहिलेली एक इमारत हा जोशी, सूर्या, चित्रे आणि फावड्या या चौघांचा अड्डा आहे. तेथे बसून रस्त्याने घरी जाणाऱ्या मुली पाहणे हा त्यांचा नित्यक्रम. त्यांच्या भाषेत ‘लाइन मारणे’ म्हणजे मुलीकडे टक लावून पाहणे, आणि ‘लाइन देणे’ म्हणजे तिनेही त्या नजरेला नजरेने उत्तर देणे. त्यापलीकडे बहुतेक वेळा काहीच घडत नसे. पाहणे हीच जेथे घटना असते, तेथे चित्रपट हे माध्यम कादंबरीपेक्षा एक पाऊल पुढे जाऊ शकते. छायाचित्रकार दिएगो रोमेरो हे मूळचे स्पेनचे, म्हणजे कथेतल्या गावाला सर्वस्वी परके; पण कदाचित म्हणूनच कौलांवरचे ऊन आणि वर्गातला मंद प्रकाश त्यांना सवयीने झाकोळलेल्या डोळ्यांपेक्षा अधिक स्वच्छ दिसला असावा.

कथेची पार्श्वभूमी आणीबाणीची आहे. 25 जून 1975 रोजी जाहीर झालेली आणि 21 मार्च 1977 पर्यंत चाललेली ही अवस्था म्हणजे नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित होणे, वृत्तपत्रांतील मजकूर छापण्यापूर्वी सरकारी तपासणीतून जाणे आणि विरोधकांची विनाचौकशी स्थानबद्धता. ‘अनुशासन’ हा तेव्हाचा परवलीचा शब्द होता, आणि तो शाळेच्या जुन्याच शिस्तीशी विनासायास जुळला. सूर्या मनातली गोष्ट केवडा नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलीपुढे उघड करतो, तक्रार होते आणि त्याला शिक्षा भोगावी लागते. मनात आहे ते बोलण्याची किंमत मोजावी लागणे, हा त्या दिवसांचा अनुभव येथे वर्गाच्या चार भिंतींत उतरला आहे.

मात्र हा धागा चित्रपटात कादंबरीइतका घट्ट विणलेला नाही. कादंबरीचा निवेदक स्वतः जोशी असल्यामुळे मोठ्यांच्या अर्धवट कानावर पडलेल्या चर्चा, नरूमामाशी होणारे मनमोकळे बोलणे आणि शिरोडकरविषयीची तगमग हे सारे एकाच श्वासात येते. पडद्यावर तो आतला आवाज क्षीण होतो, आणि राजकारण काहीसे मागच्या भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखे राहते. स्मरणरंजनाचा धोका हाच की ऊन आणि कौले लक्षात राहतात, भीती विसरली जाते. जितेंद्र जोशी यांचा नरूमामा आणि नंदू माधव यांनी उभे केलेले वडील ही दोन माणसे मात्र ऊन आणि भीती यांतला समतोल बऱ्याच अंशी परत आणतात.

अखेरीस शिरोडकर गाव सोडून जाते आणि जोशी दहावीच्या वर्गात जाऊन बसतो. आजच्या वाचकाला हा वियोग तात्पुरता वाटू शकेल, परंतु तेव्हा मध्यमवर्गीय घरांत दूरध्वनी विरळा होता, नवा पत्ता विचारायचा तर कोणाला आणि कोणत्या नात्याने हा प्रश्न होता, आणि पत्र टाकले असते तरी ते प्रथम तिच्या वडिलांच्या हाती पडले असते.